उकाई किती फूट?

आमच्या सुरतेत पावसाळ्यात सकाळी लिफ्टमधे कोणी भेटलं की केम छो वगैरे नंतर, आधी "उकाई केटला फूट?" म्हणजे धरण किती भरलं. 345 फूट झालं की काठोकाठ, त्याच्या आसपास आकडा आला की खालच्या मजल्यावरचे लोक गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावायच्या गोष्टी करायला लागतात. हा आकडा ज्याला माहीत नाही तो माणूस नक्की नवीन आलेला, बहुधा कंपनीच्या बदलीवर.

मला मात्र पाण्याची खबर सोसायटीच्या ग्रुपच्या आधी लागते. आमचं गाव दोंडाईच्याला उतरून पुढं एसटीनं, तापीकाठी. तिकडून काकांचा फोन येतो, "हतनूरचे दरवाजे उघडले रे, पाणी निघालं तुझ्याकडं", जसं काही त्यांनी एसटीत पार्सल ठेवलंय आणि मी स्टँडवर घ्यायला जायचंय. तापी मुलताईहून निघते, बऱ्हाणपूर, भुसावळ करत आमच्या गावावरून जाते, मग उकाईत थांबते आणि मग सुरतेत येऊन समुद्राला मिळते. मी पण तसाच आलो, फक्त रेल्वेनं. आणि माझ्यासारखे किती, लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा इकडं कुठंही उभं राहा, पाच मिनिटांत कानावर खानदेशी "काय भो" पडतंच.

मी नऊ वर्षांचा असताना हे शहर पळून गेलं होतं. शहर पळून गेलं असंच आमच्याकडं म्हणतात, माणसं पळाली असं नाही. 1994 चा सप्टेंबर, गणपती विसर्जन नुकतंच झालेलं. वडील लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करायचे, आम्ही लिंबायतला एका खोलीत, बाहेर उघडी गटार आणि गटारीवर फरशी टाकून केलेला ओटा. त्या पावसात खोलीत पाणी शिरून गेलेलं, चिखल, मेलेली जनावरं, कचरा कोणी उचलत नव्हतं, म्हणजे तेव्हा कचरा उचलायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. पेपरमधे आधी बीडकडच्या मामला गावची बातमी होती, किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षाची ती गोष्ट, वडिलांनी वाचून बाजूला ठेवली. मग एके दिवशी वेडरोडच्या बाजूला माणसं पटापट मेली अशी बातमी आली, प्लेग. दुपारपर्यंत टेट्रासायक्लिन कुठल्याच मेडिकलमधे नाही, दवाखान्यांना कुलपं, आणि वडील पाळी अर्धी टाकून घरी. आईनं परातीत कणिक मळून ठेवलेली, तशीच सोडून आम्ही निघालो.

स्टेशनवर जे पाहिलं ते मला नीट आठवत नाही, फक्त तोंडाला रुमाल बांधलेले हजारो डोळे आठवतात आणि खिडकीतून मला आत ढकलणारा कोणाचा तरी हात. भुसावळ पॅसेंजर. लाखो लोक त्या चार-पाच दिवसांत गेले म्हणतात. मेलेले अधिकृत आकड्यात 50 च्या थोडे वर, पण भीती लाखांच्या हिशोबात पसरली होती.

गावात गेलो तर गावानं आम्हाला गावात घेतलं नाही. आठ दिवस मळ्यातल्या खळ्यावर. मोठी माय भाकरी-ठेचा आणून लांब बांधावर ठेवायची आणि हाक मारून मागं फिरायची. तिसऱ्या का चौथ्या रात्री ती आली, सरळ आत आली आणि माझ्या शेजारी आडवी झाली, कोणाला काय बोलायचं ते बोला म्हणे. तिकडच्या शाळेत महिनाभर माझं नाव "पिलेग" होतं. बरेच दिवस कोणी "कुठले?" विचारलं तर मी नंदुरबार सांगायचो, सुरत सांगत नव्हतो.

महिन्याभरानं परत आलो तेव्हा परातीत काळा दगड झालेला. आईनं परातीसकट टाकला.

पुढच्या वर्षी, 1995 ला, एस. आर. राव नावाचे कमिशनर आले. हे नाव सुरतेत अजूनही असं घेतात की जणू शेजारी राहून गेलेत. त्यांची एक गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे, "ए.सी. टू डी.सी.", म्हणजे साहेबांनी एसी केबिनमधून उठून रोजच्या कामाला, डेली चोअर्सला, रस्त्यावर यायचं. सकाळी सातला सगळे अधिकारी आपापल्या भागात फिरतीवर, मग दुपारी मीटिंग. शहराचे सहा झोन केले आणि प्रत्येक झोनच्या माणसाला तिथंच निर्णय घ्यायचे अधिकार दिले, फाइल वर पाठवायची भानगड नाही. रात्री रस्ते झाडायला सुरुवात केली, कारण दिवसा कापडाच्या टेम्पोंच्या गर्दीत झाडणार कुठं. हॉटेलवाल्यांना, कचरा टाकणाऱ्यांना दंड. आणि बुलडोझर. बुलडोझर आधी मोठ्यांच्या बेकायदा बांधकामांवर चालला म्हणून लोकांनी ऐकून घेतलं, हे माझं मत नाही, आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचं मत होतं. मोठ्याचं तुटतंय तर आपल्याला बोलायला तोंड कुठंय.

आमचा ओटा पण तुटला. आईनं दिवसभर शिव्या घातल्या. एक दिवस वडील पाळीवरून आले आणि हातपाय न धुता म्हणाले, "आज साहेब चिखलात उभा होता, बुटांसकट." एवढंच. पण ते त्यांनी नंतर पंधरा वर्षं सगळ्या पाहुण्यांना सांगितलं. सहा महिन्यांत गल्लीत झाकलेली गटार आली, दिवा आला आणि 1996 च्या सुमाराला सुरत देशात दुसऱ्या नंबरचं स्वच्छ शहर अशी बातमी आली, चंदीगडच्या खालोखाल. दीड-दोन वर्षांत! नवीन काही बांधलं नव्हतं हो फार, पूल नाही, मेट्रो नाही, बुलेट ट्रेन नाही. झाडलं होतं फक्त. रोज झाडलं होतं. (सगळ्यांचं चांगलंच झालं असं पण नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा ज्या झोपडपट्टीत राहायचा ती उठली, ते लोक लांब गेले, त्याची शाळा सुटली. तो मला नंतर एकदा ताके उचलणाऱ्यांत दिसला, मी हाक मारली नाही. का नाही मारली ते अजून कळलेलं नाही.)

गंमत म्हणजे ती झाडायची सवय टिकली. कमिशनर गेले, नवे आले, पक्ष तोच पण माणसं बदलली, झाडू चालूच. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिला नंबर विभागून मिळाला, निकाल 2024 च्या जानेवारीत लागला, त्या दिवशी मार्केटमधे पेढे वाटले गेले. इंदूरवाले म्हणतील आम्ही आधीपासून पहिले, म्हणू देत. तुम्ही प्लेग बघितला नाही.

मधे 2006 चा पूर. 7 ऑगस्ट. तेव्हा मी नोकरीला लागलेलो, अडाजणला भाड्यानं, दुसरा मजला. धरण आधी भरू दिलं आणि मग एकदम सोडलं की पाऊसच तसा होता, यावर आजही पानाच्या गल्ल्यावर भांडणं होतात, मी त्यात पडत नाही. मी एवढंच सांगतो की सकाळी चहा करत होतो तेव्हा खाली सोसायटीच्या गेटाशी पाणी होतं आणि दुपारी पहिल्या मजल्याच्या ग्रिलला. तीन दिवस गच्चीवर, हेलिकॉप्टरमधून पाकिटं पडायची, वरच्या मजल्यावरच्या बा डब्यातले खाखरे मोजून वाटायच्या. शहराचा बहुतेक भाग पाण्यात. पाणी उतरल्यावर गाळ, गुडघ्याएवढा, त्याचा वास मी ओळखला, 94 चाच. मला वाटलं झालं, आता परत भुसावळ पॅसेंजर. पण या वेळी कोणी पळालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत जेसीबी आणि पावडर टाकणारी माणसं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण इथलेच. आणि "उकाई केटला फूट" हा प्रश्न त्यानंतरचा.

आता हे सगळं वाचून वाटेल की सुरतेत लोक गाळ आणि झाडू यांच्यातच असतात. तसं नाही, सुरतेत लोक खातात. "सुरतनुं जमण अने काशीनुं मरण" अशी म्हणच आहे, जेवावं सुरतेत, मरावं काशीत. रविवारी संध्याकाळी सुरती माणसाच्या घरी गॅस पेटत नाही, डुमस रोडला किंवा कुठल्याही मोठ्या रस्त्याच्या कडेला चटई टाकून, डबे उघडून, रहदारी बघत बसतात. पहिली काही वर्षं मला ते येडेपणाचं वाटायचं, बाग सोडून फुटपाथवर काय बसायचं. आता आमच्या पण डिकीत चटई असते. डुमसचा समुद्र काळ्या वाळूचा, दिसायला काही खास नाही, भुतांच्या गोष्टी सांगतात त्या सोडून द्या, पण तिथली टोमॅटोची भजी, वर चटणी लावलेल्या चकत्या, गरम तेलातून काढून कागदावर, ती खाऊन तोंड पोळल्याशिवाय डुमसला गेलो असं म्हणता येत नाही.

कोजागिरीला आम्ही दूध आटवतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरती लोकांचा चंदी पडवो, त्या दिवशी घारी. मावा, पिस्ता आणि वरून थिजलेल्या तुपाचा थर, आणि तोंडाचा गोडवा मोडायला भुसू म्हणजे फरसाण. बायको दरवर्षी म्हणते कोलेस्टेरॉल, आणि दरवर्षी अर्धा किलो आणते.

पण माझ्या जवळची गोष्ट पोंक. थंडी पडली की तापीच्या पलीकडं, अडाजणच्या बाजूला पोंकवाल्यांचे तंबू लागतात. ज्वारीची कोवळी हिरवी कणसं भट्टीत भाजायची, कापडात गुंडाळून झोडायची, दाणे पाखडायचे आणि लिंबू-मिरीची शेव, लसणाची शेव घालून खायचे. पहिल्यांदा ऑफिसातला मित्र घेऊन गेला, "आ खाली सुरतमांज मळे", फक्त सुरतेतच मिळतो म्हणे. मी एक मूठ तोंडात टाकली आणि हसायलाच लागलो. हा तर हुरडा! खळ्यावर मोठी माय आगटीत भाजून हातावर चोळून द्यायची तोच, फक्त आमच्याकडं त्याच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी असायची आणि पैसे पडायचे नाहीत. मित्राला सांगितलं तर तो नाराज झाला. अजून म्हणतो पोंक वेगळा. असू दे वेगळा.

कतारगामच्या बाजूला इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे, फार कोणी जात नाही. तिथं जॉर्ज ऑक्सिंडन याची कबर, कबर कसली, दुमजली घुमटाची इमारत, एखाद्या नबाबाच्या मकबऱ्यासारखी. हा 1664 च्या जानेवारीत महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता, वखार बंद करून तोफा लावून बसला. 1669 मधे इथंच वारला, म्हणजे 1670 ची दुसरी लूट बघायला राहिला नाही. मी मुलाला घेऊन गेलो होतो. त्याच्या शाळेतल्या गुजराती मित्रांनी त्याला चिडवलेलं, तुमच्या राजानं आमचं शहर लुटलं म्हणून. त्यानं मला तिथं उभ्या उभ्या विचारलं, "पप्पा, आपण लुटणारे का लुटलेले?" मला काही सुचलं नाही. मुघलांचं बंदर होतं, खजिना होता, स्वराज्याला पैसा लागत होता हे सगळं सांगितलं, शाळेत शिकलो तसं. तो म्हणाला, पण आपण तर इथंच राहतो ना. मग आम्ही लोचो खायला गेलो.

तर शहर हे असं. पण माझा जीव खरा लागतो तो शनिवारी सकाळी कडोदरा सोडलं की. दोन्ही बाजूंना ऊस, बारडोली, 1928 च्या सत्याग्रहाची बारडोली, आता मोठा साखर कारखाना आणि पात्रा म्हणजे आपली अळूवडी, गाडी थांबवल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मग व्यारा, मग हळूहळू डोंगर दिसायला लागतात, घरांवर कौलं, आणि सोनगड. सोनगडचा किल्ला पिलाजीराव गायकवाडांचा. बडोद्याच्या आधी गायकवाडांचं ठाणं हे. वरून एका बाजूला उकाईचं पाणी दिसतं, पार क्षितिजापर्यंत. पहिल्यांदा ते पाणी बघून मला छान वाटण्याऐवजी कसंतरीच झालं, कारण मनात हेच की हे सगळं आपल्या डोक्यावर टांगलेलं असतं तर पावसाळ्यात! आणि त्या पाण्याखाली शंभराच्या वर आदिवासी गावं गेली, 1972 ला धरण पुरं झालं तेव्हा. सोनगडला किल्ल्याखाली चहा पिताना एक म्हातारे भेटले, त्यांनी हात करून दाखवलं, "तठे आमनं घर व्हतं". पाण्याकडं बोट. त्यांच्या बोलीत आणि आमच्या अहिराणीत मला तरी फार फरक वाटला नाही.

तसंच डांगचं. नकाशात गुजरात, 1960 च्या वाटणीत बराच वाद होऊन तिकडं गेलं, पण आहव्याच्या बाजारात बसलो की डांगी बोली कानात अशी शिरते की मधे मधे मी घरातच आहे असं वाटतं. होळीच्या आधी डांग दरबार भरतो, डांगच्या भिल्ल राजांच्या वारसांना सरकार आजही मानानं सालियाणा देतं, रथातून मिरवणूक निघते आणि दुसऱ्या दिवशी हेच राजे शेतात. पावसाळ्यात वघईजवळचा गिरा धबधबा, त्याला कॉफीच्या रंगाचं पाणी असतं, काठावर नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा देणाऱ्या बायका. सापुतारा मला फारसा आवडत नाही, हॉटेलं नि बोटी नि मक्याची कणसं, कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणासारखं. खालचं जंगल बघा. आणि जमलं तर बिलीमोऱ्याहून वघईला छोटी रेल्वे जाते, नॅरोगेज, गायकवाडांनी सागवान आणायला टाकलेली, 63 किलोमीटरला तीन तास घेते. आमच्या मुलाला कंटाळा आला. मला नाही आला.

आणि नवापूर! नवापूर स्टेशनचा फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिथं एक बाक आहे, मधोमध रेष, एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात लिहिलेलं, लोक त्यावर बसून फोटो काढतात. वडील रिटायर झाल्यावर गावी जाताना आम्ही मुद्दाम तिथं उतरलो. मी म्हटलं अण्णा बसा, फोटो काढतो, बरोब्बर मधे बसा. ते बसले, मग सरकून गुजरातच्या बाजूला गेले. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील, चाळीस वर्षं त्या मातीत घाम गाळला वगैरे. म्हणाले, "तिकडं ऊन येतंय."

तक्रारी आहेतच. लिंबायतची मिठी खाडी आजही पावसात उलटी फिरते, दरवर्षी त्याच गल्ल्यांत पाणी आणि दरवर्षी तेच फोटो. पहिला नंबर मिळालेल्या शहरात माझ्या आतेबहिणीच्या घरात जूनमधे फ्रिज विटांवर ठेवलेला असतो. सिंगणपोरच्या कॉजवेच्या वर नदीत जलकुंभी इतकी वाढते की लांबून मैदान वाटावं. पांडेसऱ्याच्या मिलांकडून वारा आला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. पण तिथंच शेजारी बमरोलीला गटाराचं पाणी शुद्ध करून त्याच मिलांना विकतात, 2014 पासून, म्हणजे आपण आंघोळीला वापरलेल्या पाण्यात साड्या रंगतात. हे मी गावात सांगितलं तर काकू म्हणाली, तरीच माझी साडी दोन धुण्यात गेली.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. पूर्वी सगळे गावाकडं पळायचे, प्रसादाच्या रोटांसाठी, गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. आता डिंडोलीत, लिंबायतमधे घरोघरी कानबाई बसते आणि दुसऱ्या दिवशी तापीवर विसर्जनाला निघते. या वर्षी आम्ही विसर्जन करून मग तसेच उकाईकडं गेलो होतो, पाणी बघायला, आणि परतायला रात्रीचे अकरा वाजले. सहारा दरवाजाजवळ मी गाडी कडेला लावली, मुलाला पाण्याची बाटली घ्यायला. दुकानाची शटरं बंद, दिवसभर ताक्यांच्या टेम्पोंनी भरलेला रस्ता रिकामा, आणि लांबून खराट्यांचा आवाज, एका लयीत, सात-आठ जण रांगेनं झाडत येत होते. त्यातली एक बाई, चाळिशीतली, अंगात रेडियमच्या पट्ट्यांचं जाकीट, आमच्या कपाळावरचा भंडारा बघून थांबली.

"कोणतं गाव?"

मी सांगितलं.

"मना माहेर तापीना पलीकडे," ती म्हणाली. मग खराटा टेकवून जरा उभी राहिली, आत डोकावून मुलाकडं बघितलं, बायकोला विचारलं रोट उरलेत का. बायकोनं डब्यातून दोन काढून दिले. तिनं ते जाकिटाच्या खिशात घातले आणि खराटा उचलला.

"आता गाडी काढा बरं तिथून," म्हणाली, "तुमच्या चाकाखालचं राहीन मंग."

मी गाडी काढली.